सही करणाऱ्यांचे गद्य

हवाई दलाचे विमान उड्डाणाला निघण्याआधी एका जाड फाइलीत नोंदी होतात. तिला फॉर्म 700 म्हणतात. इंधन किती भरले, कोणता भाग बदलला, कोणता दोष पुढच्या तपासणीपर्यंत तसाच ठेवला, हे सगळे त्यात येते आणि केलेल्या कामापुढे ते करणाऱ्या तंत्रज्ञाची सही असते. वैमानिक ते वाचतो, स्वतःची सही करतो आणि मगच विमानात चढतो. लिहिणारा एअरमन बऱ्याचदा विशी-पंचविशीतला, बारावी होऊन भरती झालेला असतो. त्याच्या चार ओळींच्या भरवशावर दुसरा माणूस आकाशात जाणार असतो. ‘बहुधा ठीक आहे’ असे तिथे लिहिता येत नाही.

सैन्यातून तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आलेल्यांविषयी बोलताना आपण शिस्त, नेतृत्व, धाडस यांचे गोडवे गातो. ते गुण आहेतच. पण या माणसांनी सोबत आणलेली सर्वांत मोलाची गोष्ट मला वेगळी वाटते. ज्याच्याखाली सही करावी लागते असे गद्य लिहिण्याची त्यांना सवय असते. गेल्या शतकातली काही आयुष्ये पाहिली तर फौज, यंत्र आणि लेखन यांना जोडणारा रस्ता याच सवयीतून गेलेला दिसतो.

ग्रेस हॉपर या गणिताच्या प्राध्यापक. 1943 मध्ये त्या अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातल्या मार्क वन या अवाढव्य गणनयंत्रावर झाली. तिथले प्रमुख हॉवर्ड एकन यांनी त्यांच्यावर यंत्राचे पुस्तक लिहिण्याची कामगिरी सोपवली. आपण कधी पुस्तक लिहिलेले नाही, असे हॉपरबाईंनी सांगून पाहिले. आता तुम्ही नौदलात आहात, एवढेच उत्तर मिळाले. 1946 साली ते 561 पानांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. संगणक कसा चालवायचा हे शिकवणाऱ्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे 1952 मध्ये त्यांनी पहिला कंपायलर तयार केला आणि यंत्राला सूचना देण्यासाठी इंग्रजी शब्द वापरता यायला हवेत, हा हट्ट धरला. कोबोल या भाषेच्या मुळाशी तोच हट्ट आहे. यंत्राविषयी माणसाला समजेल असे लिहिता लिहिताच त्या तिथवर पोचल्या, असे मला वाटते. 1986 मध्ये, वयाच्या 79व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या.

आर्थर सी. क्लार्क आपल्या वाचकांना विज्ञानकथाकार म्हणून ठाऊक आहेत. ते 1941 मध्ये ब्रिटिश हवाई दलात गेले आणि रडारवर काम करू लागले. धुक्यात सापडलेल्या वैमानिकाला जमिनीवरून आवाजाने मार्ग दाखवत धावपट्टीवर उतरवायचे, अशी ती नवी यंत्रणा होती. समोरच्या माणसाला काही दिसत नाही आणि तो फक्त तुमच्या शब्दांवर चालला आहे, यापेक्षा कडक लेखनशाळा कोणती असेल? ऑक्टोबर 1945 मध्ये, गणवेशात असतानाच, त्यांचा एक लेख ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये छापून आला. पृथ्वीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर तीन उपग्रह ठेवले तर जवळजवळ सगळ्या जगाशी संपर्क साधता येईल, असा त्याचा आशय होता. फौज सुटल्यावर त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात पदवी घेतली, काही काळ भौतिकशास्त्रातल्या शोधनिबंधांचे सारांश छापणाऱ्या नियतकालिकात संपादनाची नोकरी केली आणि मग पूर्णवेळ लेखक झाले. 1975 साली आपल्या देशात खेड्यापाड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला, तेव्हा इस्रोने कोलंबोत राहणाऱ्या क्लार्क यांच्याकडे ग्रहणयंत्र बसवून दिले होते. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना त्यांना स्वतःच्या घरी चालताना पाहायला मिळाली.

अमेरिकेतली आणखी दोन नावे. टॉमस पिंचन दोन वर्षे नौदलात होते. पदवीनंतर 1960 ते 1962 या काळात बोइंग कंपनीत तांत्रिक लेखक म्हणून बोमार्क क्षेपणास्त्राविषयी लिहीत होते आणि 1963 मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. रॉबर्ट पर्सिग सैन्यातून कोरियात जाऊन आले आणि पुढे संगणकाच्या माहितीपुस्तिका लिहून पोट भरू लागले. मोटारसायकलच्या देखभालीवरचे त्यांचे 1974 चे पुस्तक जगभर वाचले गेले. त्यात एक राग आहे. ज्याला यंत्राची फिकीर नाही असा मेकॅनिक आणि लांब उभे राहून बघ्यासारखी लिहिलेली पुस्तिका, दोन्ही त्यांना सारखेच खुपतात. पुस्तिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती पाने वाचावीत.

विल आयस्नर यांच्यापाशी मात्र जरा थांबायला हवे. हा माणूस चित्रकथाकार. 1942 मध्ये सैन्यात बोलावणे आले. गाड्यांची निगा न राखणाऱ्या सैनिकांमुळे वाहने बंद पडतात, ही फौजेची डोकेदुखी होती; छापील पुस्तिका कोणी उघडत नव्हते. आयस्नर यांनी ‘जो डोप’ नावाचा बावळट शिपाई रंगवला. तो ऑइल बघायला विसरतो, नट आवळत नाही आणि मग त्याची जी फजिती होते ती चित्रांत दिसते. युद्ध संपले, आयस्नर नागरी जीवनात परतले आणि कोरियन युद्धाच्या काळात, 1951 मध्ये, सैन्यासाठी ‘पीएस’ हे देखभालीचे मासिक त्यांनी सुरू करून दिले. वीस वर्षे ते त्यात गुंतले होते. व्हिएतनाममध्ये एम-16 रायफली अडकू लागल्या तेव्हा त्या साफ कशा ठेवाव्यात, याची सचित्र पुस्तिकाही त्यांच्याच हातची. वाचणारा दमलेला आहे, घाईत आहे, त्याचे शिक्षण बेताचे आहे, हे धरून त्यांनी लिहिले आणि तरी त्याला कमी लेखले नाही. 1978 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ने चित्रकादंबरीला साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण आरोग्यस्वामी पॉलराज यांचे. वयाच्या पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झाले आणि तिथून नौदलात गेले. 9 डिसेंबर 1971 रोजी आयएनएस खुकरी ही युद्धनौका दीवजवळ पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पाण्याखालची पाणबुडी वेळेत ऐकू येणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. आयआयटी दिल्लीतून 1973 मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या पॉलराज यांनी पुढे ‘अप्सोह’ या स्वदेशी सोनारच्या कामाचे नेतृत्व केले आणि 1983 मध्ये तो नौदलाच्या हाती आला. 1991 मध्ये कमोडोर पदावरून निवृत्ती घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. पाण्यातला क्षीण आवाज अनेक संवेदकांनी मिळून टिपायचा, या कामात मुरलेला माणूस आता एकाऐवजी अनेक अँटेनांनी बिनतारी संदेश पाठवण्याचा विचार करू लागला. त्यातून 1992 मध्ये ‘मायमो’ तंत्र आले. आपल्या खिशातला फोर-जी, फाइव्ह-जी फोन आणि घरातले वायफाय त्यावर चालते. त्यांनी कंपन्या काढल्या, या विषयाचे पाठ्यपुस्तक सहलेखकांसह लिहिले आणि 2014 चे मार्कोनी पारितोषिक मिळवले.

पॉलराज अधिकारी होते. जवानाचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राने विचारायलाच हवा. साताऱ्याजवळच्या एका गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. पेन्शनीत आलेल्या कोणालाही गावात ‘मेजर’ म्हणून हाक मारली जाते. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, लोणावळ्याची आयएनएस शिवाजी, ओझरचा विमानदुरुस्तीचा डेपो, शेजारच्या गोव्यात पणजीतले सिग्नल प्रशिक्षण केंद्र, एवढी तांत्रिक विद्यापीठे आपल्या अंगणात आहेत. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर जवानाला पेन्शनचा हक्क मिळतो, त्यामुळे पस्तिशी-चाळिशीत तो घरी येतो. त्याच्या अर्जावर लिहिलेले असते: नाईक, ऑपरेटर रेडिओ अँड लाइन, वर्तणूक एक्झेम्प्लरी. मुलाखत घेणाऱ्याला यातले काही उमगत नाही. सतरा वर्षे बर्फात आणि वाळवंटात संपर्कयंत्रणा चालू ठेवलेल्या माणसाला मग सोसायटीच्या फाटकावर वही आणि पेन मिळते. सुरक्षारक्षकाचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही, पण अशा जाणकाराला तिथे बसवण्यात समाजाचे नुकसान आहे.

पुण्यात तांत्रिक पुस्तिकांचे संपादन करताना एका माजी हवालदाराचा नमुना मजकूर माझ्याकडे आला होता. विषय त्यांनीच निवडला होता, डिझेल पंपाने हवा धरली तर काय करावे. ‘फिल्टरवरचा स्क्रू अर्धा सैल करा, पूर्ण काढू नका. खाली फडके धरा. हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, थांबू नका. बुडबुडे बंद होऊन डिझेलची सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. सांडलेले डिझेल पुसल्याशिवाय इंजिन चालू करू नका.’ मी त्यातला एकही शब्द बदलला नाही. फडके आधी सांगायचे, फेस आल्यावर माणूस थांबतो हे ओळखून तिथेच बजावायचे, हे पदवीने येत नाही. मराठीत ठिबक सिंचनाच्या, सौरपंपाच्या, फवारणी ड्रोनच्या पुस्तिका वाचून पाहा; इंग्रजीवरून कशाबशा ओढून आणलेल्या त्या ओळींनी शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. हे काम करू शकणारी माणसे तालुक्या-तालुक्यात आहेत. कंपन्यांनी पदवीचा कागद मागण्याआधी त्यांच्याकडून एक पान लिहून घ्यावे.

हे लवकर व्हायला हवे, कारण लोंढा वाढणार आहे. 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीचे ऐन उमेदीत, सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन परततात, पेन्शनशिवाय. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण 2022 अखेरीस आणि 2023 च्या आरंभी सुरू झाले. ड्रोन, संदेशवहन, विजेरी उपकरणे यांवर काम केलेली ही मुले गावी येतील तेव्हा त्यांच्यापुढे भरती अकादमी काढणे आणि फाटकावर बसणे एवढेच दोन पर्याय असू नयेत.

साहित्यातही आपली बाजू लंगडी आहे. केरळात सैनिकांच्या कथांचा स्वतंत्र प्रवाह झाला. कोविलन आधी नौदलात होते, मग 1948 ते 1968 अशी वीस वर्षे सिग्नल्समध्ये. बराकीतला कंटाळा, भूक आणि अपमान त्यांनी मल्याळम कादंबरीत आणला आणि पुढे ‘तट्टकम’साठी साहित्य अकादमीचा सन्मान मिळवला. पारप्पुरत्त आणि नंदनार हेही फौजेतलेच. मराठीत मेजर जनरल शशिकांत पित्रे यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी युद्धेतिहास मेहनतीने लिहिला आहे. बॅटरी, जनरेटर आणि रेडिओ सेट सांभाळणाऱ्या जवानाचे दिवस मात्र आपल्या कथा-कादंबऱ्यांत फारसे आलेले नाहीत. वीरगाथा आपण पुष्कळ छापतो. जवानाच्या कामाची बारीक, खरी हकिगत मागत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यांना जावे, व्यासपीठावरचा कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतल्या सुभेदाराशेजारी बसावे आणि उणे तीसमध्ये रेडिओची बॅटरी त्याने कशी जगवली, ते सविस्तर लिहून मागावे.