तळण्यासाठी आणि उकळण्यासाठी झारा कसा निवडावा?

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर तुम्ही झारा उचलता, तेव्हा बहुधा किंमत आणि चकाकी पाहता. पण उकळत्या तेलात रोज जाणारी ही वस्तू आहे. ती चुकीची असेल तर हात भाजतो, तेल लवकर खराब होते आणि कधी तारेचा तुकडाही पोटात जातो. म्हणून या गोष्टी पाहून घ्या.

धातू कोणता?

घरासाठी स्टेनलेस स्टीलचा झारा सर्वांत सोयीचा. लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टील वाईट, असे नाही. खाण्याच्या भांड्यांसाठी चालणारे काही स्टील चुंबकाला चिकटते. लोखंडी झाराही चांगला, फक्त धुऊन लगेच पुसावा. मात्र झारा अन्नात क्षणभरच राहतो, त्यामुळे त्यातून रक्तवाढीइतके लोह मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांनी तर लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

पितळी झाऱ्याला कल्हई नसेल तर चिंच, आमसूल, आमचूर घातलेल्या पदार्थात तो घालू नका. जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही आंबट पदार्थात नको, त्याने मळमळ व उलट्या होऊ शकतात. प्लास्टिकचा झारा गरम तेलात कधीच वापरू नका.

छिद्रे आणि जाळी

पापड, कुरडई, पुरी तळताना झाऱ्याने दाबावे लागते. त्यासाठी चपटा, छिद्रांचा झारा घ्या. भजी काढायला किंचित खोलगट झारा बरा. रश्शातले डुबुकवडे किंवा उकडलेले बटाटे उचलायलाही तोच चालतो. डाळीवरचा फेसही त्याने काढता येतो. हा फेस विषारी नसतो, तो मुख्यतः डाळीतील प्रथिनांचा असतो. तो काढला की डाळ उतू जात नाही.

तेलातला चुरा काढायला बारीक जाळीचा झारा हवा. जाळीची तार सुटली असेल तर तो टाकून द्या.

दांडा

दांडा हातभर लांब, भक्कम रिव्हेटचा आणि लाकडी मुठीचा असावा. पोकळ नळीचा दांडा असेल तर त्याचे टोक बंद आहे का ते पाहा. धुताना आत शिरलेले पाणी पुढे तेलात गळते. पाण्याची वाफ होताना ते साधारण १७०० पट फुगते, म्हणून एका थेंबानेही तेल उडते. झारा नेहमी कोरडा करूनच कढईत घाला.

तेल कधी टाकावे?

तळणीत राहिलेला चुरा जळतो आणि तेल काळे पडते. प्रत्येक घाण्यानंतर चुरा काढा. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली तर ते तेल वापरू नये, असा देशात १ जुलै २०१८ पासून नियम आहे. घरी हे मोजता येत नाही. पण तेल काळपट, घट्ट झाले, फेसाळले किंवा लवकर धुरकटले, तर ते टाकावे.

भाजल्यास

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना गाठायला वेळ लागतो. म्हणून पहिला उपचार घरीच सुरू करा. अंगठी, बांगड्या लगेच काढा. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे गार पाणी ओता. बर्फ, हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका. चेहरा, डोळे, हात किंवा सांधा भाजला असेल, जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या.

चूल जमिनीवर असेल तर तळताना मुलांना निदान तीन-चार हात लांब बसवा. झाऱ्याचा दांडा कढईबाहेर लोंबत ठेवू नका. मूल तो ओढते आणि कढई अंगावर येते.