डोकं घरी ठेवून पाहायचा सिनेमा?

वेडगळ विनोदी सिनेमाबद्दल प्रेक्षकांना विचारा, उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतं, ‘निव्वळ आचरटपणा’. कुणी म्हणतं, ‘डोकं घरी ठेवून जा, धमाल आहे’. एकाला सिनेमा आवडलेला नसतो, दुसऱ्याला आवडलेला असतो, पण अशा सिनेमाला डोकं लागत नाही हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. वाद घालायचा तो इथे. चांगला वेडगळ सिनेमा गंभीर सिनेमापेक्षा जास्त काटेकोर असतो आणि तो पाहणाऱ्याचं डोकं पूर्ण वेळ कामाला लावतो, असं माझं म्हणणं आहे. पुरावा म्हणून 23 सप्टेंबर 1988 रोजी प्रदर्शित झालेला ‘अशी ही बनवाबनवी’ घेऊ. मात्र पुण्यात घडणारा हा सिनेमा पुण्याच्याच सदाशिव पेठेत बसून तपासण्यात अर्थ नाही. तिथे निम्मं हसू ओळखीचं असतं. तो तपासावा छत्तीसगढमधल्या भिलाईच्या हुडकोत.

हुडको म्हणजे घरबांधणीला कर्ज देणारं, 1970 साली स्थापन झालेलं सरकारी महामंडळ. भिलाईतली ही वसाहत त्याच नावाने ओळखली जाते. दुर्ग-भिलाईचा टापू 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे मराठी माणूस इथे उपरा नाही. पुढे पोलाद कारखाना आला आणि देशभरच्या माणसांबरोबर आणखी मराठी घरंही आली. पण इथे वाढलेल्या मुलाचं मराठी घराच्या उंबरठ्याआतलं, दारापलीकडे हिंदी आणि छत्तीसगढी. पुणेरी घरमालक, त्याच्या अटी आणि पाट्या त्याने फक्त ऐकलेल्या. सिनेमा निव्वळ स्थानिक खोड्यांवर उभा असता, तर इथे पोचेपर्यंत त्याचा दम संपला असता. तसं होत नाही, कारण गोष्टीच्या मुळाशी असलेली अडचण कुठल्याही गावाची आहे: राहायला जागा नाही. घरांसाठी काढलेल्या महामंडळाच्या नावाची वसाहत असलेल्या गावात ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

आता यंत्र उघडून पाहू. धनंजय माने भाड्याच्या खोलीत राहतो, आणखी तिघे येऊन चिकटतात, घरमालक विश्वास सरपोतदार बाहेर काढतो आणि नवी घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त विवाहित जोडप्यांना जागा देते. चार अविवाहित पुरुषांपुढे मग एकच वाट उरते. दोघांनी नवरे व्हायचं, दोघांनी बायका. सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती. पटकथा आणि संवाद वसंत सबनिसांचे, दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं. इथून पुढे एकेक थाप पुढच्या थापेला जन्म देते आणि आधीची कुठलीही थाप विसरता येत नाही. माधुरी, सुषमा, मनीषा, कमळी या चौघांच्या प्रेयसींपैकी कुणाला काय ठाऊक आहे, लीलाबाईंना काय सांगितलंय, याचा हिशेब प्रेक्षक सतत डोक्यात ठेवून असतो. तो चुकला तर हसूच येणार नाही. पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग आठवा. बायका हौसेने गाताहेत, कोडकौतुक चाललंय आणि मधोमध बसलाय लक्ष्मीकांत बेर्डे. गाण्यातला एकही शब्द विनोदी असायची गरज नाही. विनोद आहे तो आपल्याला ठाऊक असलेल्या आणि त्या बायकांना ठाऊक नसलेल्या गोष्टीत.

त्याहून बोलका पुरावा म्हणजे सत्तर रुपयांचा प्रसंग. सरपोतदारांकडून धनंजयने औषधासाठी सत्तर रुपये घेतलेत. ते परत मागितल्यावर तो सांगतो की औषध आणून देणारा गृहस्थच वारला, तेव्हा पैसेही त्याच्याबरोबर गेले. सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींचा चेहरा पाहा. हा माणूस चिडलेला आहे, पण त्याला युक्तिवादात फट सापडत नाही. पहिलं विधान धडधडीत खोटं, मात्र पुढची प्रत्येक पायरी वकिलाच्या थाटात चढलेली. धनंजय झालेले अशोक सराफ त्यात डोळा मारत नाहीत, आवाज चढवत नाहीत. दुःखद वार्ता द्यावी तसं बोलतात. ‘लॉजिक शोधू नका’ असं ज्या सिनेमाबद्दल सांगितलं जातं, त्यातला सर्वांत लाडका प्रसंग संपूर्णपणे लॉजिकवर चालतो.

पुरुषाने बाईचं सोंग घेण्याची ही युक्ती मराठीची मक्तेदारी नाही. बनवाबनवीचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. युरोपात याच युक्तीची दुसरी वंशावळ सापडते: 1935 चा एक फ्रेंच सिनेमा, त्यावरून 1951 साली कुर्ट हॉफमान यांनी केलेला जर्मन ‘फानफारेन डेर लिबे’ आणि त्यावरून 1959 साली बिली वाइल्डर यांनी हॉलिवुडमध्ये काढलेला ‘सम लाइक इट हॉट’. जर्मन सिनेमातले दोन वादक बेकार असतात म्हणून वेषांतर करतात. वाइल्डर आणि त्यांचे सहलेखक डायमंड यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. त्यांनी वादकांना गुंडांनी केलेल्या हत्याकांडाचे साक्षीदार बनवलं. साडी म्हणा वा झगा, उतरवला की मरण. कृती जितकी खुळी, तितकं तिच्यामागचं कारण भक्कम हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. बनवाबनवीत गोळी नाही, पण डोक्यावरचं छप्पर आहे, आणि तेही कमी नाही.

जर्मन प्रेक्षकांकडे आणखी एक गमतीचा दाखला आहे. हॅम्बुर्गच्या एनडीआर वाहिनीने 1963 साली ‘डिनर फॉर वन’ हे एक इंग्रजी प्रहसन चित्रित केलं. ते अजूनही दर 31 डिसेंबरला जर्मनीत दाखवतात, तेही डबिंग न करता. नव्वदीच्या बाईंचा वाढदिवस, चार पाहुणे, चौघेही केव्हाच वारलेले. त्यांच्या वाट्याचे पेले बटलरने रिचवायचे. जाता-येता तो जमिनीवरच्या वाघाच्या मुंडक्याला अडखळतो. पुन्हापुन्हा. आणि एका फेरीत अडखळत नाही! तेव्हा त्याला स्वतःलाच नवल वाटतं आणि हशा सर्वांत मोठा उसळतो. आधी नियम पक्का बसवला नसता तर तो मोडल्याचं कुणाला कळलंच नसतं. उलट मिशाएल हेर्बिग यांचा ‘डेर शू देस मानितू’ (2001) घ्या. कार्ल माय यांच्या कथांवरच्या, 1960च्या दशकातल्या जर्मन वेस्टर्नपटांची ही टवाळी जर्मनीत एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी थिएटरात पाहिली. ते जुने सिनेमे ज्यांनी पाहिलेत त्यांना त्यात नेमकी नक्कल दिसते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना पोरकटपणा. त्यामुळे एखाद्या खुळ्या सिनेमावर प्रेक्षकांत दुफळी पडली, तर त्याचं कारण दर वेळी अभिरुचीतच शोधू नये. पुष्कळदा प्रश्न एवढाच असतो की नियम कुणाला ठाऊक होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो आठवणींच्या जिव्हाळ्याचा. लहानपणी टीव्हीवर पाहिलेलं म्हणून गोड लागतं, असं म्हणतात. पण मग अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचेच, त्याच काळातले कितीतरी सिनेमे त्याच टीव्हीवर लागून विस्मरणात का गेले? जिव्हाळा सगळ्यांना सारखाच लागू व्हायला हवा होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुरुषाला साडी नेसवून हसवणं म्हणजे बाईपणाची थट्टा नाही का? काही जागी आहे, आणि त्या जागा आज खटकतात. नाकारण्यात हशील नाही. मात्र साडीतला पुरुष ही गोष्ट मुळात हास्यास्पद असती, तर मराठी प्रेक्षक रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांना पाहून पोट धरून हसला असता. तो हसला नाही; बायकांनी त्यांच्या नेसण्याची नक्कल केली. म्हणजे हसू साडीत नसतं, पकडलं जाण्याच्या भीतीत असतं. सिनेमा ती भीती सोडून नुसत्या चालण्या-मुरडण्यावर येतो, तिथे तो ढिला पडतो. खटकणाऱ्या जागा आणि फसलेल्या जागा बहुतेक एकच आहेत. तिसरा आक्षेप शब्दनिष्ठ विनोद वरचा, अंगविक्षेपांचा खालचा असा. त्यावर फार वेळ घालवायला नको. अडखळण्याची वेळ साधणं कोटी सुचण्याइतकंच अवघड आहे, फक्त ते छापता येत नाही म्हणून त्याला समीक्षक कमी मिळाले.

राहता राहिला प्रेक्षक. हुडकोतला असो वा हडपसरचा, ‘टाइमपास आहे’ म्हणून तो स्वतःचंच श्रेय नाकारतो. दोन-अडीच तास त्याने चार जणांच्या थापा सांभाळलेल्या असतात. तेव्हा पुढच्या खुळ्या सिनेमाहून परतल्यावर मत जरूर द्या, फालतू असेल तर बिनदिक्कत फालतू म्हणा. पण सोबत एवढं सांगा: त्या माणसांना सोंग घ्यायची खरोखर गरज होती का, आणि कितव्या प्रसंगात लेखक आपलीच थाप विसरला.