खारवलेला मासा आणि मिठाचे सोबती



मासा टिकविण्याच्या जुन्या युक्त्यांत मिठाचें स्थान फार वरचें आहे. कोंकणांत पावसाळ्याच्या बेगमीसाठीं खारवलेला मासा घ्या, कीं नॉर्वेच्या किनाऱ्यावर खारवून पोर्तुगालच्या स्वयंपाकघरांत पोंचणारा कॉड मासा घ्या, दोहोंमागील तत्त्व एकच आहे. मीठ माशाच्या अंगांतील पाणी बाहेर ओढतें, आणि जें पाणी उरतें तें इतकें खारट करून सोडतें कीं, नासविणाऱ्या बहुतेक जंतूंस त्यांत वाढतां येत नाहीं. परंतु आजच्या कारखान्यांत माशावर पडणारें मीठ पुष्कळदां एकटें नसतें. तें मोकळें राहावें, मासा पांढराशुभ्र दिसावा, त्याचें वजन घटूं नये, अशा निरनिराळ्या हेतूंनीं त्याच्या जोडीला कांहीं रासायनिक द्रव्यें येतात. हीं द्रव्यें पोटांत गेल्यानें अपाय होतो काय? या प्रश्नाला एका शब्दाचें उत्तर नाहीं. प्रत्येक द्रव्याची चौकशी वेगळी करावी लागते. त्यांतील तिघांची आज करूं.

पहिलें द्रव्य सोडियम फेरोसायनाइड. दमट हवेंत मिठाचे खडे बनूं नयेत म्हणून तें मिठांत घालतात. आपल्या घरच्या पुडीबंद मिठांतहि पुष्कळदां तें असतें. नांवांत 'सायनाइड' हा शब्द आल्यामुळें ऐकणारा दचकतो. परंतु या द्रव्यांत सायनाइडचे सहा गट लोखंडाच्या एका अणूभोंवतीं इतके घट्ट जखडलेले असतात कीं, सायनाइड विष म्हणून काम करण्यास जें सुटें व्हावें लागतें, तें येथें सहजासहजीं सुटें होत नाहीं. आतां प्रमाण पाहा. युरोपीय संघानें एक किलो मिठांत याची कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम ठरविली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ सालीं पुनर्विचार करून असें ठरविलें कीं, शरीराच्या दर किलो वजनास रोज ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत फेरोसायनाइड आयुष्यभर घेतलें तरी चिंता नाहीं. साठ किलो वजनाच्या मनुष्यास ही मर्यादा १.८ मिलिग्रॅम होते. तेथें पोंचण्यास त्याला रोज निदान ९० ग्रॅम मीठ खावें लागेल. जागतिक आरोग्य संघटना तर दिवसास ५ ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणून सांगते. म्हणजे या द्रव्याची मर्यादा गांठण्याच्या पुष्कळ आधीं मनुष्य मिठानेंच आजारी पडेल. नांव भयंकर, पण ठरलेल्या प्रमाणांत भय नाहीं.

दुसरें द्रव्य फॉस्फेट. येथें गोष्ट उलट आहे. नांव अगदीं गरीब. फॉस्फरस आपल्या हाडांत आहे, दुधांत आहे, डाळींत आहे. माशांत घातलेलें फॉस्फेट दोन कामें करतें. मिठांतून किंवा माशांतून आलेले तांब्याचे व लोखंडाचे सूक्ष्म अंश तें बांधून ठेवतें, त्यामुळें माशांतील स्निग्धांश खवट होऊन मांस पिवळें पडत नाहीं. आणि दुसरें, तें मांसांत पाणी धरून ठेवतें. पहिलें काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठीं. दुसऱ्यांत मात्र पाण्याला माशाचा भाव मिळण्याची सोय आहे. २०१३ सालीं युरोपीय संघानें ओल्या खारवलेल्या कॉड जातीच्या माशांत, किलोमागें ५ ग्रॅमच्या मर्यादेंत, फॉस्फेट घालण्यास परवानगी दिली. तेव्हां पोर्तुगालनें हरकत घेतली होती. तेथें हा मासा आणून पुढें वाळवितात. आणि जें पाणी काढून टाकावयाचें, तेंच धरून ठेवणारें द्रव्य वाळविणाऱ्यास कसें रुचावें?

आरोग्याच्या दृष्टीनें पाहतां, याच प्राधिकरणानें २०१९ सालीं सर्व अन्नांतून मिळून येणाऱ्या फॉस्फरसची मर्यादा, शरीराच्या दर किलोस रोज ४० मिलिग्रॅम, अशी ठरविली. फॉस्फेटयुक्त पदार्थ पुष्कळ खाणारीं मुलें ही मर्यादा ओलांडूं शकतात, असेंहि त्याला आढळलें. ज्यांचीं मूत्रपिंडें बरींच दुबळीं झालीं आहेत, त्यांना तर ही मर्यादा पुरेसें संरक्षण देत नाहीं, हें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे. निरोगी मनुष्यास एखाद्या जेवणांतील अशा माशानें कांहीं होणार नाहीं. पण मूत्रपिंडाच्या रोग्यास, 'यांत फॉस्फेट आहे' एवढें वेष्टनावर वाचावयास मिळणें ही चैनीची बाब नव्हे.

तिसरें द्रव्य नायट्राइट, आणि याची कथा सर्वांत बोधप्रद आहे. १९६० सालच्या सुमारास नॉर्वेंत मेंढ्या आणि लोकरीसाठीं पाळलेले मिंक नांवाचे प्राणी यकृताच्या रोगानें मरूं लागले. शोध घेतां घेतां संशय त्यांच्या खाद्यावर आला. हेरिंग माशाची भुकटी त्यांना चारली जात असे, आणि तो हेरिंग सोडियम नायट्राइट घालून टिकविलेला होता. माशाच्या मांसांत स्वभावतःच डायमिथिलअमाइन तयार होतें. त्याची नायट्राइटशीं गांठ पडून नायट्रोसोडायमिथिलअमाइन हें तिसरेंच द्रव्य उत्पन्न झालें होतें. १९६४ सालीं नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनीं तें ओळखून काढलें. याच द्रव्यानें उंदरांच्या यकृतांत कर्करोग होतो, हें इंग्लंडांत मॅगी व बार्न्स यांनीं १९५६ सालींच दाखविलें होतें. म्हणून टिकविण्याचें द्रव्य एकटें निरुपद्रवी आहे काय, एवढें पाहून भागत नाहीं; माशांतील घटकांशीं मिळून तें काय करतें, हेंहि पाहावें लागतें.

या तीन सोबत्यांची चौकशी करतांना मुख्य राखणदारास विसरतां कामा नये. इजिप्तमध्यें वसंतोत्सवांत 'फसीख' नांवाचा बोय जातीचा खारवलेला मासा खाण्याची चाल आहे. १९९१ सालीं कैरोंत हा मासा खाऊन ९१ लोकांना रुग्णालयांत न्यावें लागलें व १८ दगावले. त्यांत दोष कोणा परक्या रसायनाचा नव्हता. माशाचीं आंतडीं न काढतां, तो तसाच मुरूं देऊन मग मिठांत घालण्याची रीत होती; आणि मीठ आंतपर्यंत पोंचण्यापूर्वींच बोट्युलिनम जंतूनें आपलें विष तयार करून ठेवलें होतें. उशिरां किंवा अपुरें पडलेलें मीठ हें कित्येक द्रव्यांहून अधिक घातक ठरतें.

तेव्हां व्यवहारांत काय करावें? मासा ताजा असतांनाच पोट साफ करून, स्वच्छ मीठ भरपूर लावून खारवावा. खारवलेल्या माशावर गुलाबी किंवा तांबूस थर दिसला, तर तो मिठागराच्या मिठाबरोबर येणाऱ्या खारप्रिय जंतूंचा समजावा व असा मासा घेऊं नये. रांधण्यापूर्वीं पाणी बदलून बदलून तो भिजवावा. मीठ पुष्कळसें निघून जातें. रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं तर खारा मासा वैद्यांना विचारल्यावांचून खाऊं नये. आणि पुडीवर एखादें अनोळखी नांव दिसलें, तर तें कशासाठीं घातलें आहे, किती घातलें आहे, व कोणास तें सोसणार नाहीं, हे तीन प्रश्न विचारावे. ज्या विक्रेत्याजवळ यांचीं उत्तरें आहेत, त्याचा मासा विश्वासानें घ्यावा.