आधी रंधा, मग गप्पा

ऑस्ट्रेलियात घरामागे पत्र्याची शेड असतेच, आणि तिच्यावर सत्ता असते घरातल्या पुरुषाची. करवती, खिळ्यांचे डबे, कधीतरी जोडू म्हणून खोलून ठेवलेलं इंजिन. मार्क थॉमसन यांनी १९९५ मध्ये अशा शेड आणि त्यांत रमणाऱ्या पुरुषांवर ‘ब्लोक्स अँड शेड्स’ हे पुस्तकच काढलं. उतारवयात मोठं घर विकून लहान जागेत जायची वेळ आली की ही शेड सुटते. नोकरी आधीच सुटलेली असते, मुलं लांब असतात. बायकोच्या मैत्रिणी असतात, याचे मित्र मात्र कामावरचे. काम संपलं तसे तेही पांगलेले.

‘मेन्स शेड’ ही अशा पुरुषांसाठी गावाने चालवलेली सामायिक कर्मशाळा. मरे नदीच्या मुखाजवळच्या गूलवा गावात १९९३ मध्ये ज्येष्ठांच्या क्लबात ‘द शेड’ सुरू झाली, ती मॅक्सीन चेझलिंग या बाईंच्या पुढाकाराने. शेडमध्ये बायकांना घ्यावं की नाही यावर आजही ठिकठिकाणी वाद झडतात. कुठे सगळ्यांना दार उघडं असतं, कुठे बायकांसाठी वेगळा वार ठरलेला असतो. चळवळीचा हा उगम पाहता त्या वादाची जरा गंमत वाटते. ‘मेन्स शेड’ हे नाव पहिल्यांदा लागलं व्हिक्टोरियातल्या तोंगाला गावात, २६ जुलै १९९८ रोजी. राष्ट्रीय संघटना २००७ मध्ये झाली. आता एकट्या ऑस्ट्रेलियात हजाराहून जास्त शेड आहेत. आयर्लंड, ब्रिटन, न्यूझीलंड, कॅनडा इथेही लोण पोचलं आहे.

आत काय चालतं? कुणी लेथवर लाकडी वाडगा कातत असतो, कुणी बालवाडीसाठी खेळणी रंगवतो, कुणी शेजारणीच्या मोडक्या खुर्चीचा पाय बसवतो. पक्ष्यांसाठी घरटी, बागेतले बाक, जुन्या सायकली, काहीही. यंत्रांना हात लावण्याआधी ती सुरक्षितपणे चालवायला शिकावं लागतं. पण माझ्या मते शेडमधलं सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे चहाचं टेबल. काहीजण पटाशीला हातही न लावता फक्त तिथे येऊन बसतात. त्यांना कुणी हटकत नाही.

पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना करतात, अशा अर्थाचं या चळवळीचं ब्रीद आहे. आपल्याकडच्या कट्ट्यावर राजकारण, क्रिकेट, भाववाढ सगळं निघतं. मात्र कुणाला रात्री झोप लागत नाही हे सहसा निघत नाही. फळी घासताना नजर फळीवर असते. मग ‘बायको गेल्यापासून स्वयंपाकघरात जावंसं वाटत नाही’ हे वाक्य बाहेर पडू शकतं, आणि ऐकणाऱ्यालाही चेहरा कसा करावा हा प्रश्न पडत नाही.

बॅरी गोल्डिंग या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये २४ शेडची पाहणी मांडली. येणाऱ्यांपैकी बरेचजण निवृत्त, शाळा लवकर सोडलेले, वर्ग म्हटला की नको वाटणारे. एकटेपणा घालवण्याचं शिबिर भरवलं असतं तर यातले किती फिरकले असते? शेडमध्ये त्यांना कुणी विद्यार्थी, रुग्ण किंवा लाभार्थी म्हणत नाही. कुणाचं तरी कपाट दुरुस्त व्हायचं असतं, म्हणून ते येतात.

आत्महत्या करणाऱ्या ऑस्ट्रेलियनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरुष असतात, आणि पंच्याऐंशीच्या पुढच्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण फार वरचं आहे. तेव्हा २०१० च्या राष्ट्रीय पुरुष आरोग्य धोरणाने शेडची दखल घेतली यात नवल नाही. आयर्लंडमध्ये तर ‘शेड्स फॉर लाइफ’ हा दहा आठवड्यांचा आरोग्य उपक्रम शेडमध्येच चालतो. डॉक्टरकडे जायची टाळाटाळ करणाऱ्यांची तपासणी तिथेच होते, व्यायाम आणि आहाराची माहितीही तिथेच मिळते.

तरी शेडमुळे आयुष्य वाढतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. बराचसा पुरावा सभासदांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभा आहे, आणि जो आपल्या पायांनी शेडपर्यंत येतो तो मुळातच थोडा धडधाकट, थोडा बोलका असणार. दार लावून घरात बसलेल्याला बाहेर कसं काढायचं, याचं उत्तर शेडकडेही नाही. तिथे बहुधा जुना सभासदच कामी येतो: शेजाऱ्याचं दार वाजवतो आणि एक जड फळी पलीकडून धरायला माणूस हवा आहे, एवढंच सांगतो.