कार्ब्युरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन: वायरिंगबद्दलचे गैरसमज

मारुती जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिच्यात ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये १२९८ सीसीचं मिळालं, पण तेही कार्ब्युरेटरचं. पुढे २००० मध्ये त्याच मापाचं, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन) इंजिन आलं. याच जातीचं इंजिन मारुतीच्याच एस्टीममध्येही होतं. त्यामुळे जुनी जिप्सी जपणाऱ्या अनेकांना हे इंजिन आपल्या गाडीत हवंसं वाटतं, आणि ते बसतंही. गाडी अडते ती वायरिंगपाशी. इंजिन जागेवर असतं, गिअरबॉक्स जुळलेला असतो आणि बॉनेटखाली वायरींचा गुंता लोंबत असतो. त्याची धास्ती आणि त्याबद्दलचा फाजील आत्मविश्वास, दोन्हींच्या मुळाशी काही ठरावीक गैरसमज आहेत.

‘अख्ख्या गाडीचं वायरिंग बदलावं लागतं.’ नाही. दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांना इंजिन कोणतं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला जाणाऱ्या वायरी मोजक्याच असतात: इग्निशन कॉइल, सेल्फ, अल्टरनेटर, ऑइल प्रेशरचा स्विच, तापमानाचा सेंडर आणि आणखी एखाद-दुसरी. एमपीएफआयचा लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, जाडजूड दिसतो खरा, पण त्यातल्या बहुतेक वायरी सेन्सर, इंजेक्टर आणि कॉइलकडून निघून थेट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत, जातात. गाडीच्या वायरिंगला त्या कुठेच शिवत नाहीत. गाडीशी जोडायच्या असतात त्या साधारण दहा-बारा: बॅटरीचा कायमचा सप्लाय, चावीचा सप्लाय, सेल्फ मारल्याचा सिग्नल, पेट्रोल पंप, चेक इंजिनचा दिवा, डायग्नोसिसचा कपलर, आरपीएम मीटर असल्यास त्याची वायर, आणि अर्थिंग. हे एकदा कागदावर मांडलं की निम्मी भीती जाते.

म्हणून इंजिन घेतानाच त्याच गाडीचा ईसीयू आणि सबंध लूम मागून घ्यावा. भंगारात लूम कपलरच्या अगदी मुळाशी कापण्याची पद्धत आहे. तसा कापलेला लूम फुकट मिळाला तरी घेऊ नये. सगळ्या कपलरांसकट मिळणाऱ्या लूमसाठी जास्त पैसे मोजणं केव्हाही परवडतं. डोनर गाडी एस्टीम असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिच्यात इंजिन आडवं असतं, जिप्सीत उभं. लूमच्या काही फांद्या तोकड्या पडतात, काही उगाच लांब होतात. वाढवाव्या लागल्याच तर सगळे जोड एका जागी न घेता पुढेमागे घ्यावेत, म्हणजे तिथे गाठ होत नाही आणि जोड एकमेकांवर घासत नाहीत.

‘रंगाला रंग जोडला की झालं.’ एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येसुद्धा एका रंगाच्या वायरीचं काम वेगळं असू शकतं. दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम समोर ठेवून, ईसीयूच्या पिनपासून मल्टिमीटरने प्रत्येक वायर तपासणं हाच मार्ग आहे. आणि तपासणी मल्टिमीटरनेच करावी. बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या पिनांना लावू नये, कारण बल्ब ओढतो तेवढा करंट आतल्या सर्किटला सोसेलच असं नाही.

‘चावी फिरवल्यावर जिथे १२ व्होल्ट येतात तिथून ईसीयूला सप्लाय द्यावा.’ चावीच्या स्विचमध्ये रेडिओसारख्या उपकरणांची एक लाइन असते, ती सेल्फ मारताना बंद होते. ईसीयू तिच्यावर जोडला तर सेल्फ फिरतो, इंजिन मात्र उचलत नाही, आणि दोष बिचाऱ्या ईसीयूवर जातो. मल्टिमीटर लावून सेल्फ मारताना व्होल्टेज टिकतं का, ते पाहावं. काही जुन्या गाड्यांत कॉइलच्या वायरीत बॅलास्ट रेझिस्टर किंवा रेझिस्टन्सची खास वायर असते. तिथून कॉइलला मुद्दाम कमी व्होल्टेज जातं, म्हणून ती वायर ईसीयूसाठी बाद. चावीच्या वायरीने फक्त रिले चालवावा आणि मुख्य सप्लाय बॅटरीकडून फ्यूजमधून घ्यावा, हे सर्वांत बरं.

‘अर्थ काय, बॉडीला कुठेही दिला तरी चालतो.’ एमपीएफआय बसवलेल्या गाड्यांच्या विचित्र तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने वेगळंच असतं. इंजिन, बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांना जोडणारी जाड, स्वच्छ पट्टी हवीच. रंगावर किंवा गंजावर थिंबल आवळून भागत नाही. बरेचसे सेन्सर पाच व्होल्टवर चालतात आणि ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल तर जेमतेम ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान फिरतो. अर्थमध्ये ०.२ व्होल्टची तूट आली तर हेडलाइटला काही कळणार नाही, पण ईसीयूला चुकीचीच माहिती मिळेल. म्हणून सेन्सरांचा अर्थ ईसीयूच्या पिनेवरच न्यायचा, तो बॉडीला जोडायचा नाही. तपासणीही दिवे, पंखा सगळं चालू ठेवून करावी; करंट वाहत नसताना वाईट अर्थसुद्धा चांगलाच दिसतो. क्रँक किंवा कॅम सेन्सरच्या वायरीवर जाळीचं वेष्टन असेल तर ते मूळ लूमप्रमाणेच ठेवावं आणि ती वायर स्पार्क प्लगच्या केबलीपासून लांब न्यावी.

‘पेट्रोल पंप चावीवर डायरेक्ट करून टाका.’ हा यादीतला सर्वांत घातक सल्ला आहे. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप साधारण ०.२ ते ०.३ बार दाब देतो, एमपीएफआयला २.५ ते ३ बार लागतो. जुना रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा एवढा दाब धरण्यासाठी बनलेल्याच नसतात. आता अपघाताचा विचार करा: पाइप फुटला आहे, इंजिन बंद पडलं आहे, पण चावी ऑन आहे. डायरेक्ट केलेला पंप तापलेल्या इंजिनावर पेट्रोल फवारत राहील. ईसीयू मात्र चावी फिरवल्यावर एक-दोन सेकंद पंप चालवतो आणि पुढे इंजिन फिरत असल्याचा सिग्नल येत असेल तरच चालू ठेवतो. ही सुरक्षा कंपनीने फुकट दिलेली आहे. एक रिले आणि एक वायर वाचवण्यासाठी ती घालवू नका, आणि मेकॅनिक घालवत असेल तर त्याला थांबवा.

‘फ्यूज उडतो, मोठा टाका.’ फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो. वायर तीच ठेवून मोठा फ्यूज टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते. घरगुती वायरिंगचा तुकडाही बॉनेटखाली वापरू नये. त्याचं साधं पीव्हीसी वेष्टन ७० अंशांपर्यंतचं असतं.

‘झाळलेला जोड सर्वांत पक्का.’ झाळ तारांमध्ये वर चढते, तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्या कडेला तुटते. योग्य पक्कडीने केलेला क्रिम्प आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी, हे जास्त टिकतं. पक्कड मात्र त्याच कामाची हवी.

तापमानाचा काटा चालवायला ईसीयूच्या सेन्सरची वायर फोडू नये, दोन्ही रीडिंग बिघडतात. काट्यासाठी जुना सेंडर वेगळा बसवावा. चेक इंजिनचा दिवा आणि डायग्नोसिसचा कपलर अनेक जण अडगळ समजून सोडून देतात. पुढे बिघाड झाला की मग अंदाजाने एकेक सेन्सर बदलत बसावं लागतं.

‘सीसी तीच आहे, मग आरटीओला काय सांगायचं?’ आरसीवर इंजिन नंबर असतो आणि तो बदलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेबाहेरच्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. म्हणून इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत जाऊन परवानगीचं विचारा. विक्रेत्याकडून इंजिनाची पावती आणि ते ज्या गाडीतून निघालं तिची कागदपत्रं घ्या. काम संपल्यावर कोणती वायर कुठे जोडली त्याचा स्वच्छ आराखडा काढून त्याची एक प्रत गाडीत ठेवा. रस्त्यात गाडी अडली तर समोरच्या अनोळखी इलेक्ट्रिशियनला त्याच कागदाचा आधार असेल.