डासांची धूळपेरणी

'विहिरी आटल्या, नाल्या कोरड्या, मग एवढे डास येतात कुठून?' धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात हमखास कानावर पडणारा हा प्रश्न. आपल्याकडे डासांचा हंगाम म्हणजे पावसाळा, असं गृहीत धरलेलं असतं. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र टंचाईतही मजेत राहतो, कारण टंचाईत आपण घरोघरी पाणी साठवतो. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हटल्यावर पिंप, रांजण, हौद, मोरीतली टाकी, जे हाताशी येईल ते भरून ठेवावं लागतं. आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत अंड्यातून बाहेर पडलेल्या अळीचा उडता डास व्हायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात.

या डासाची खरी करामत त्याच्या अंड्यात आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. तीही एकाच भांड्यात नाही. थोडी या पिंपात, थोडी त्या रांजणात. गर्भ वाढत असतानाच कवचाच्या आत पाणी धरून ठेवणारा एक थर तयार होतो. मग भांडं रिकामं झालं, वाळलं, कोपऱ्यात पडून राहिलं, तरी अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. मृगाच्या भरवशावर कोरड्या रानात बी टाकणारा आपला शेतकरी आणि ही मादी यांचं गणित एकच! तिचा पाऊस म्हणजे आपला नळ. पाणी चढून अंडी बुडाली की अळ्या बाहेर पडतात, पण सगळ्या एकदम नाहीत. काही अंडी पुढच्या भरण्याची वाट बघत मागे थांबतात. दुबार पेरणीची तिची सोय आधीच झालेली असते.

म्हणून पिंप नुसतं पालथं करून भागत नाही. आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासावी लागते.

या डासाचा धडा आपल्या शेजारी फार पूर्वीच मिळाला होता. भूम-परांड्याची माणसं बाजाराला जातात त्या बार्शीत 1973 साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले व्ही. एस. पाडबिद्री आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिचा अभ्यास केला. दर तीन माणसांमागे एकाहून अधिक जण आजारी पडल्याचं त्यात दिसलं. 20 ऑगस्टला डासांवर संशोधन करणाऱ्या रोनाल्ड रॉसच्या नावाने डास दिन साजरा होतो, तो व्हावाच. पण साथीच्या गावात घरोघर फिरून नोंदी करणाऱ्या अशा माणसांची नावं जिल्ह्यातल्या किती शाळांत माहीत आहेत? बार्शीनंतर हा विषाणू देशातून जवळपास दिसेनासा झाला. तो परतला 2005 च्या अखेरीस. 2006 या एका वर्षात देशात सुमारे 13 लाख 90 हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. मराठवाडाही त्यातून सुटला नाही.

साथ आली की गल्लीत धुराचं मशिन फिरतं, पोरं मागे धावतात, फोटो निघतात. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, हे खरं. पण एडिस दिवसा चावतो आणि घरात, कपड्यांच्या आड, पलंगाखाली बसतो. रस्त्यावरचा धूर तिथवर क्वचितच पोचतो. पिंपातल्या अळ्यांना आणि भिंतीवरच्या अंड्यांना तर त्याचा पत्ताही नसतो. आवाजाने डास पळवणाऱ्या मोबाइल ॲपबद्दल न बोललेलंच बरं.

आरोग्य खात्याचा 'कोरडा दिवस' हा त्यामानाने बिनखर्चाचा आणि खरा उपाय. आठवड्याचा एक वार ठरवा; पाणी संपत आलं की भांडी घासून उन्हात वाळवा आणि मगच भरा. उरलेलं पाणी ओतून देणं परवडत नाही, हे कोणाला सांगायला नको. ते गाळून दुसऱ्या घासलेल्या भांड्यात घ्या आणि तोंडाला फडकं घट्ट बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. संडासाच्या टाकीच्या पाइपला जाळी बांधायला विसरू नका. रात्री कानाशी गुणगुणणारे क्युलेक्स डास तिथूनही येतात.

आणि नगरपालिकांनीही एक हिशेब मांडावा. धुरावर होणाऱ्या खर्चापेक्षा नळाचं पाणी दर दोन दिवसांनी सोडण्यावर केलेला खर्च डेंग्यू अधिक कमी करील.