छतावरील सौर पॅनेलची जोडणी : एकसर की समांतर?

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेतून घरावर सौर संयंत्र बसवताना पॅनेल किती, खर्च किती आणि अनुदान किती, हे तुम्ही नक्कीच विचारता. पॅनेल एकमेकांना कशी जोडणार, हेही विचारा. छतावर सावली येत असेल, तर मिळणारी वीज बऱ्याच अंशी या जोडणीवर ठरते.

दोन प्रकार कोणते?

एकसर जोडणी म्हणजे सिरीज. विजेरीत सेल एकापुढे एक बसतात, तसे एका पॅनेलचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडतात. यात व्होल्टेजची बेरीज होते, करंट एका पॅनेलइतकाच राहतो.

समांतर जोडणी म्हणजे पॅरलल. सर्व धन टोके एकत्र आणि सर्व ऋण टोके एकत्र जोडतात. यात करंटची बेरीज होते, व्होल्टेज तेवढेच राहते.

उदाहरण : ५४० वॅटची ६ पॅनेल आहेत. भर उन्हात प्रत्येक पॅनेल साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देते.

• एकसर : २४६ व्होल्ट, १३ अँपिअर
• समांतर : ४१ व्होल्ट, ७८ अँपिअर

दोन्हींत वीज सारखीच, सुमारे ३.२ किलोवॅट. फरक तारेत पडतो. करंट ६ पट झाला, की त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज ३६ पट होते. ते टाळण्यासाठी खूप जाड आणि महाग तार लागते. शिवाय ग्रीडला जोडलेल्या बहुतेक इन्व्हर्टरना जास्त व्होल्टेज लागते. म्हणून घरांच्या छतावर साधारणपणे एकसर जोडणी करतात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान दिव्यांच्या संचात समांतर जोडणी आढळते.

सावली पडली तर?

एकसर जोडणीत सर्व पॅनेलमधून एकच करंट वाहतो. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी पूर्ण ओळीचे उत्पादन घटू शकते. पॅनेलमधील बायपास डायोड करंटला सावलीतला भाग टाळून वाट देतात. त्यामुळे नुकसान कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. समांतर जोडणीत मुख्यतः सावलीतल्या पॅनेलचेच उत्पादन घटते.

केंद्राचे अनुदान संयंत्राच्या क्षमतेवर मिळते. सर्वसाधारण राज्यांत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये. पॅनेल सावलीत बसवली, तरी अनुदान तेवढेच मिळेल. पण बिल कमी होते ते प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटमुळे. ते नुकसान दर महिन्याला तुमचेच असते.

काम सुरू होण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा

१. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत टाकी, जिना, झाड किंवा शेजारच्या इमारतीची सावली कुठे पडते, ते पाहिले आहे का?
२. काही पॅनेल पूर्वेकडे आणि काही पश्चिमेकडे असतील, तर त्यांच्या ओळी वेगळ्या ठेवून इन्व्हर्टरच्या वेगवेगळ्या एमपीपीटी इनपुटला जोडणार का?
३. ओळीचे एकूण व्होल्टेज इन्व्हर्टरच्या मर्यादेत आहे का? थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. शिमला किंवा लेहसारख्या ठिकाणी तेथील किमान तापमान धरूनच हिशेब करावा लागतो.
४. सावली टाळता येत नसेल, तर ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टरचा खर्च किती येईल?

जोडणीचा आराखडा कागदावर घ्या आणि जपून ठेवा.

सावधान

ऊन असेपर्यंत पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते. घरातला मेन स्विच बंद केला, तरी छतावरच्या तारांमध्ये व्होल्टेज असते. वरील उदाहरणातील २४६ व्होल्ट डीसीचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. चालू संयंत्राचा कनेक्टर ओढल्यास ठिणगी पेटून आग लागू शकते. पॅनेल पुसताना तारांना आणि कनेक्टरना हात लावू नका.

जोडणी नंतर बदलता येते का?

येते, पण स्वतः किंवा गल्लीतल्या वायरमनकडून बदलू नका. योजनेनुसार नोंदणीकृत विक्रेत्याने ५ वर्षे देखभाल करणे बंधनकारक आहे. उत्पादन कमी वाटल्यास त्याच्याकडे लेखी तक्रार करा. मात्र पॅनेलची जागा काम सुरू होण्यापूर्वीच नक्की करणे सर्वांत सोयीचे.